वेस्टमिन्स्टर शाळेचे विद्यार्थी आणि ब्रिटिश पार्लमेंट : भाषाशिक्षणाच्या दृष्टीने काही विचार

इंग्लंडमधील जुन्या शाळांचा इतिहास लिहिताना त्या त्या शाळेतून किती मुत्सद्दी निघाले याची मोजदाद करण्याचा प्रघात फार जुना आहे. ईटनच्या नावावर बोरिस जॉन्सनपर्यंत वीस पंतप्रधान मांडले जातात. हॅरोच्या नावावर सात, आणि शिवाय आठवे म्हणून भारताचे पंडित जवाहरलाल नेहरू. वेस्टमिन्स्टरची यादी याहून तोकडी आहे. परंतु अशा याद्यांवरून शाळेत नेमके काय शिकविले जात होते आणि त्या शिक्षणाचा पार्लमेंटच्या कामकाजाशी कोणता संबंध होता, यांपैकी कशाचाही बोध होत नाही. अठराव्या शतकात पार्लमेंटमधील जागा बहुतांशी घराण्यांच्या हाती होत्या, आणि तीच घराणी आपले मुलगे या चारदोन शाळांत पाठवीत. तेव्हा शाळेने सभासद घडविले असे म्हणण्यापेक्षा एकाच सामाजिक कारणाची ही दोन कार्ये होती असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. तथापि एवढ्यावर प्रश्न संपत नाही. जागा जरी जन्माने मिळत असली, तरी सभागृहात उभे राहून बोलावे कसे, प्रतिपक्षाच्या वाक्यातील छिद्र हेरावे कसे, हे जन्माने येत नाही. ते कोठे तरी शिकावे लागते. वेस्टमिन्स्टर शाळेत ते कसे शिकविले गेले आणि त्याचे फलित काय झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही शाळा लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात आहे. बेनिडिक्टाइन मठाच्या आश्रयाने मध्ययुगापासून तेथे अध्यापन चालत असे. मठ विसर्जित झाल्यावर आठव्या हेन्रीने तिचा सांभाळ केला आणि १५६० मध्ये एलिझाबेथ राणीने तिची नव्याने स्थापना करून चाळीस राजाश्रित विद्यार्थ्यांची तरतूद केली. या विद्यार्थ्यांना राजा गादीवर असेल तर ‘किंग्ज स्कॉलर’ आणि राणी असेल तर ‘क्वीन्स स्कॉलर’ म्हणतात. शाळेच्या अंगणातून बाहेर पडून ॲबीला वळसा घातला की समोर पार्लमेंट. हे सान्निध्य केवळ भौगोलिक नव्हते. राजाश्रित विद्यार्थ्यांना कॉमन्स सभेच्या प्रेक्षकसज्जात बसून वादविवाद ऐकण्याची मुभा परंपरेने होती. देशातील अन्य कोणत्याही शाळेतील मुलाला पार्लमेंट हे वाचून वा ऐकून माहीत असे. येथील मुलाला ते दुपारच्या सुट्टीत पाहता येई.

शाळेची कीर्ती मुख्यतः रिचर्ड बझ्बी या मुख्याध्यापकाच्या कारकीर्दीत पसरली. १६३८ पासून १६९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, तो त्या पदावर होता. छडीविषयी त्याची ख्याती भयंकर होती. त्याचे शिष्य मात्र जॉन लॉक, ख्रिस्तोफर रेन, रॉबर्ट हूक आणि जॉन ड्रायडन! बझ्बी स्वतः कट्टर राजनिष्ठ. ३० जानेवारी १६४९ रोजी शाळेपासून हाकेच्या अंतरावर पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्या सकाळी शाळेत राजाकरिता प्रार्थना झाली. सत्ता पार्लमेंटची, शाळेवर देखरेख पार्लमेंटने नेमलेल्या मंडळाची, आणि तरीही बझ्बी आपल्या जागी टिकून राहिला. राजसत्तेला मर्यादा घालणारे तत्त्वज्ञान पुढे ज्याने लिहिले तो लॉक त्या वेळी याच शाळेत शिकत होता. दुसऱ्या बाजूने पाहता, पार्लमेंटच्या पक्षाचा धुरंधर सर हेन्री व्हेन हाही याच शाळेचा पूर्वविद्यार्थी. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर १६६२ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. या शाळेने आपल्या मुलांना एकच राजकीय मत दिले असे म्हणण्यास, एतावता, प्रारंभापासूनच आधार नाही.

मते दिली नाहीत, मग दिले काय? या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या एका विलक्षण परीक्षापद्धतीत सापडते. तिचे नाव ‘चॅलेंज’, म्हणजे आव्हान. राजाश्रित विद्यार्थी होऊ इच्छिणाऱ्या मुलांना आरंभी एका क्रमाने लावीत. मग नेमून दिलेल्या लॅटिन वा ग्रीक उताऱ्यावर खालच्या क्रमांकाचा मुलगा वरच्यास आव्हान देई : या ओळीचा अर्थ सांग, या पदाची विभक्ती सांग, ती येथे कोणत्या नियमाने आली ते सांग, त्या नियमाला अपवाद कोणते ते सांग. वरचा अडला आणि खालच्याने उत्तर बरोबर दिले तर दोघांच्या जागा बदलत, आणि जिंकणारा लगेच पुढच्याला आव्हान देई. मुख्याध्यापक न्यायाधीशाच्या नात्याने बसलेला असे. प्रत्येक उमेदवाराच्या पाठीशी एक वरच्या वर्गातील मुलगा ‘मदतनीस’ म्हणून उभा राही. हाच मुलगा आधी त्याची तयारी करून घेई आणि वादाचा मुद्दा उपस्थित झाला की वकिलासारखा त्याची बाजू मांडी. हा क्रम कित्येक आठवडे चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याची जागा लेखी परीक्षेने घेतली. नाव मात्र शिष्यवृत्तीच्या परीक्षेला अद्याप तेच आहे.

आपल्याकडील वाचकाला या वर्णनावरून पाठशाळेतील शास्त्रार्थाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. साम्य आहेच, पण भेदही ध्यानात घेण्याजोगा आहे. शास्त्रार्थात सिद्धान्ताचे मंडन हे साध्य असते आणि व्याकरण हे त्याचे साधन. ‘चॅलेंज’मध्ये सिद्धान्त असा नव्हताच, व्याकरण हेच रणांगण, आणि जय म्हणजे एक जागा वर. ‘एक जागा वर’ याच स्पर्धेत पुढे ज्यांचे आयुष्य जावयाचे होते त्यांच्यासाठी ही पूर्वतयारी किती चपखल होती, हे निराळे सांगावयास नको. प्रतिस्पर्धी समोर उभा आहे, न्यायाधीश ऐकत आहे, प्रश्न कोणता येणार हे ठाऊक नाही, आणि उत्तर उभ्या उभ्या द्यावयाचे आहे : कॉमन्स सभेतील प्रश्नोत्तरांची ही रंगीत तालीमच होती. याला जोड म्हणून दरवर्षी एक लॅटिन नाटक होई. एलिझाबेथच्या घटनानियमांतच त्याची तरतूद होती. नाटक टेरेन्स वा प्लॉटस यांचे असे; परंतु त्याच्या शेवटी लॅटिन पद्यात जो उपसंहार म्हटला जाई, त्यात चालू घडामोडींवर टीकाटिप्पणी असे. मृत भाषेत जिवंत राजकारणाची थट्टा करण्याचा हा अभ्यास १९३८ पर्यंत चालला.

या शिक्षणाचे फळ प्रत्यक्ष सभागृहात कसे दिसले याचे सर्वांत बोलके उदाहरण ११ फेब्रुवारी १७४१ या दिवसाचे आहे. पंतप्रधान सर रॉबर्ट वॉलपोल याला पदच्युत करावे अशा ठरावाची सूचना त्या दिवशी कॉमन्स सभेत दिली गेली. उत्तरादाखल वॉलपोलने आपले अंतःकरण निर्मळ आहे हे सांगण्याकरिता होरेसची एक ओळ म्हटली. विरोधी बाकावर विल्यम पुल्टनी बसला होता. तो उठून म्हणाला की सन्माननीय सभासदांचे लॅटिन त्यांच्या तर्कशास्त्राइतकेच सदोष आहे. वॉलपोलने एका गिनीची पैज लावली. निवाड्यासाठी सभागृहाचा चिटणीस निकोलस हार्डिंग याच्याकडे प्रश्न गेला, आणि त्याने निकाल पुल्टनीच्या बाजूने दिला. वॉलपोलने गिनी फेकली, पुल्टनीने ती झेलली आणि साऱ्या सभागृहाला दाखवीत सांगितले की सरकारी तिजोरीतून कित्येक वर्षांत मिळालेला हा पहिलाच पैसा, आणि हाच शेवटचा असेल.

यात वॉलपोलची चूक कोणती होती? अपराधाने चेहरा फिका पडू नये अशा अर्थाच्या त्या वाक्यात ‘अपराध’ या नामाची मूळ विभक्ती ‘ॲब्लेटिव्ह’ आहे. लॅटिनमधील ही विभक्ती म्हणजे संस्कृतातील तृतीया व पंचमी यांचा, आणि काही अंशी सप्तमीचाही, एकत्र झालेला संसार होय. येथे ती हेतू दाखविते; पाणिनीय परिभाषेत बोलावयाचे तर ही हेत्वर्थी तृतीया. वॉलपोलने तिच्या जागी चतुर्थी घातली, आणि विशेष्याबरोबर विशेषणाचीही चतुर्थी केली. म्हणजे चूक केवळ जीभ घसरल्याची नव्हती; त्याच्या स्मरणात ती ओळ तशीच रुजली होती. अर्थात फारसा फरक पडत नव्हता, छंदही मोडत नव्हता. पण ‘चॅलेंज’च्या वातावरणात वाढलेल्या कानाला तो बदल तत्काळ टोचला. पुल्टनी वेस्टमिन्स्टरचा, वॉलपोल ईटनचा. गंमत अशी की ज्याने निवाडा दिला तो हार्डिंगही ईटनचाच होता. विभक्तीच्या प्रश्नात शाळेचा अभिमान आड आला नाही, ही गोष्ट त्या मंडळींच्या लौकिकास शोभण्यासारखी आहे. पुल्टनीने ती गिनी जपून ठेवली आणि लॅटिन येण्याचा उपयोग वंशजांना कळावा म्हणून तिच्याबरोबर एक टिपणही लिहून ठेवले. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वॉलपोलविरुद्धचा तो ठराव मात्र फेटाळला गेला. वॉलपोल पडला तो पुढच्या वर्षी, आणि त्या वेळी स्वतः मंत्रिमंडळ बनविण्याची संधी सोडून पुल्टनीने सरदारकी पत्करली, तेव्हा लोकांच्या मनातून तोही उतरला. व्याकरणातील जय हा राजकारणातील जय नव्हे, एवढे तरी या प्रकरणावरून निश्चित होते.

पुल्टनीहून अधिक गंभीर प्रकृतीचा विद्यार्थी म्हणजे विल्यम मरे, पुढे लॉर्ड मॅन्सफील्ड. हा स्कॉटलंडमधील मुलगा १७१८ मध्ये तट्टावर बसून लंडनला आला आणि पुन्हा कधी मायदेशी राहावयास गेला नाही असे सांगतात. सिसेरोची भाषणे इंग्रजीत उतरवावयाची आणि काही काळाने आपल्याच इंग्रजीवरून ती परत लॅटिनमध्ये न्यावयाची, हा त्याचा विद्यार्थिदशेतील व्यायाम होता. भाषाभ्यासाच्या दृष्टीने ही पद्धती विचार करण्याजोगी आहे. सिसेरोच्या दीर्घ वाक्यात गौण वाक्ये आधी येत राहतात, मुख्य विधान राखून ठेवलेले असते आणि क्रियापद बहुधा शेवटी पडते. ‘ज्याअर्थी... ज्याअर्थी... त्याअर्थी’ या आपल्या कायदेशीर मराठीच्या घडणीशी परिचय असलेल्या वाचकाला हे लगेच उमगेल. इंग्रजीचा स्वाभाविक पदक्रम याच्या उलट, क्रियापद लवकर सांगून टाकणारा. अशा भाषेत निर्णायक शब्द शेवटपर्यंत रोखून धरण्याची सवय लावून घ्यावयाची असेल तर ही दुहेरी भाषांतराची तालीम उपयोगी पडते. अठराव्या शतकातील पार्लमेंटरी भाषणे आज वाचताना जी लांबलचक, परंतु न कोसळणारी वाक्ये आढळतात, त्यांचे मूळ प्रतिभेत शोधण्यापेक्षा या सवयीत शोधणे बरे. मरे १७४२ मध्ये कॉमन्स सभेत आला. त्या सभेत थोरल्या पिटच्या भडिमारापुढे सरकारची बाजू सावरू शकणारा असा तोच एक मानला जाई. १७५६ मध्ये तो सरन्यायाधीश झाला. इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला बळजबरीने बाहेर नेता येणार नाही असा १७७२ मधील सॉमरसेट खटल्याचा निर्णय त्याचाच. त्या निर्णयाची रचना पाहिली तर गुलामगिरी ही केवळ प्रत्यक्ष कायद्यानेच टिकू शकते असे म्हणून निष्कर्ष अगदी अखेरपर्यंत मागे ठेवलेला दिसतो.

मरेच्या काळातील दोन पंतप्रधान, हेन्री पेलहॅम आणि त्याचा ज्येष्ठ बंधू न्यूकॅसलचा ड्यूक, हेही वेस्टमिन्स्टरचेच; परंतु त्यांचे सामर्थ्य वाणीपेक्षा मतदारसंघांच्या आणि नेमणुकांच्या वाटपात होते. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

भारताच्या इतिहासाशी या शाळेचा धागा जुळतो तो याच्या पुढच्या पिढीत. वॉरन हेस्टिंग्ज १७४७ मध्ये राजाश्रित विद्यार्थ्यांच्या निवडीत पहिला आला. एलिजा इम्पी हा त्याचा शाळासोबती. आर्थिक अडचणीमुळे पालकाने हेस्टिंग्जला शाळेतून काढले, तेव्हा असा विद्यार्थी वाया जाऊ नये म्हणून मुख्याध्यापक निकोल्स याने स्वतः खर्च सोसण्याची तयारी दाखविली होती. पण मुलगा कंपनीचा लेखनिक होऊन १७५० मध्ये बंगालला आला. पुढे हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल आणि इम्पी कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला मुख्य न्यायाधीश, अशी जोडी जमली. १७७५ मध्ये नंदकुमाराला इम्पीच्या न्यायालयाने फाशी दिली. नंदकुमाराने हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप केलेला असल्याने, न्यायाधीश आणि गव्हर्नर यांच्या शाळेतील मैत्रीचा प्रश्न तेव्हापासून इतिहासकारांच्या वादाचा विषय होऊन बसला आहे. पहिले इंग्रज-मराठा युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह हेस्टिंग्जच्याच कारकीर्दीतील. हेस्टिंग्ज, इम्पी व बंगालमधील इतर पूर्वविद्यार्थी यांनी मिळून शाळेला हत्तींच्या आकृतीच्या मुठी असलेला चांदीचा प्याला भेट पाठविला होता. वेस्टमिन्स्टरच्या मुलांनी बंगालमध्ये एकमेकांना कसे धरून ठेवले होते याची ती मूर्त खूण होय.

हेस्टिंग्ज स्वतः कधी पार्लमेंटचा सभासद झाला नाही. पार्लमेंटपुढे तो आरोपी म्हणून उभा राहिला. १७८८ पासून १७९५ पर्यंत, सात वर्षे, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावर महाभियोग चालला आणि अखेर तो निर्दोष सुटला. ज्या शाळेत त्याने पहिला क्रमांक पटकावला होता ती तेथून काही मिनिटांच्या वाटेवर होती. इम्पीवरही महाभियोग चालवावा असा प्रस्ताव सर गिल्बर्ट एलियट याने आणला. १७८८ मध्ये इम्पीने कॉमन्स सभेच्या कठड्याशी उभे राहून स्वतःची बाजू स्वतःच मांडली, प्रस्ताव नामंजूर झाला, आणि दोनच वर्षांनी, १७९० मध्ये, हा आरोपी न्यू रॉम्नी मतदारसंघातून त्याच सभेचा सभासद होऊन आला. कंपनीच्या कारभाराची पार्लमेंटने केलेली पहिली कसून चौकशी १७७२ च्या ज्या निवड समितीने केली तिचा अध्यक्ष जॉन बर्गॉइन हाही याच शाळेचा. पाच वर्षांनी साराटोगाला अमेरिकनांपुढे शरण जाण्याची नामुष्की त्याच्यावर आली, आणि इतिहासात त्याचे नाव तेवढ्यापुरतेच उरले, हे थोडे अन्यायाचे आहे.

हेस्टिंग्जविषयी भाषेच्या अभ्यासकाने आणखी एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. चार्ल्स विल्किन्सने केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला हेस्टिंग्जचे प्रस्तावनापर पत्र जोडलेले आहे. इंग्रजांची भारतातील सत्ता लोपल्यावरही असे ग्रंथ टिकून राहतील असा अभिप्राय त्याने त्यात दिला आहे. प्राचीन भाषेतील ग्रंथाला प्रमाण मानण्याची वृत्ती त्याला शाळेतच लागली असावी. तेथील ग्रंथ लॅटिन होते, येथील संस्कृत, वृत्ती एकच. अर्थात याच वृत्तीमुळे बोलींपेक्षा पंडितांच्या पोथ्यांना कायद्यातही अग्रस्थान मिळाले, आणि त्याचे परिणाम हिंदू कायद्याच्या इतिहासात दूरवर पसरले.

वरील सर्व विवेचनाला एक ठळक अपवाद आहे, तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एडवर्ड गिबन १७४८ ते १७५० या काळात, प्रकृतीच्या तक्रारी सांभाळत, या शाळेत होता. त्याच्या मावशीने शाळेच्या मुलांसाठी वसतिगृह काढले होते. पुढे १७७४ ते १७८० लिस्कर्डचा आणि १७८१ ते १७८४ लिमिंग्टनचा सभासद म्हणून तो कॉमन्स सभेत बसला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा तो सारा काळ. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला आणि त्यातील वाक्यांनी इंग्रजी गद्याला नवे वजन आणले. असे असून गिबन सभागृहात एकदाही बोलला नाही! भीती आणि अभिमान या दोहोंनी त्याचे तोंड बांधले, असे त्याच्याच आत्मवृत्तावरून दिसते. पार्लमेंटमधील ती वर्षे ही इतिहासकाराला आवश्यक अशा व्यवहारज्ञानाची शाळा ठरली, असे मात्र त्याने लिहून ठेवले आहे. एकाच भाषाशिक्षणातून लेखणी व वाणी या दोन्ही शक्ती सारख्याच वाढतात हा समज गिबनच्या उदाहरणापुढे टिकत नाही. किंबहुना ‘चॅलेंज’सारख्या पद्धतीत जी मुले गप्प राहिली, मागे पडली, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, हे अशा अभ्यासात सतत ध्यानात ठेवावे लागते.

या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांमधील सर्वांत महत्त्वाचा संघर्ष एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. चार्ल्स ॲबट हा राजाश्रित विद्यार्थी, लॅटिन पद्यासाठी ऑक्सफर्डला पारितोषिक मिळविलेला, शिस्तप्रिय गृहस्थ. ब्रिटनमधील पहिली जनगणना १८०१ मध्ये झाली ती त्याने १८०० साली आणलेल्या विधेयकान्वये. १८०२ ते १८१७ तो कॉमन्स सभेचा स्पीकर होता. ८ एप्रिल १८०५ रोजी लॉर्ड मेल्व्हिलवरील निंदाव्यंजक ठरावावर दोन्ही बाजूंना २१६ मते पडली. हा मेल्व्हिल म्हणजे भारताच्या कारभारावर वर्षानुवर्षे हुकमत गाजविणारा हेन्री डंडास. ॲबट पांढराफटक पडला, काही मिनिटे नुसता बसून राहिला, आणि मग त्याने आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले.

सर फ्रान्सिस बर्डेट याची तऱ्हा याच्या अगदी उलट. शाळेतील एका बंडाच्या प्रकरणात १७८६ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८०७ पासून तो वेस्टमिन्स्टर मतदारसंघाचा प्रतिनिधी होता, म्हणजे ज्या शाळेने त्याला घालविले ती त्याच्याच मतदारसंघात होती. १८१० मध्ये कॉमन्स सभेने जॉन गेल जोन्स या सार्वजनिक वक्त्याला सभागृहाच्या अवमानाबद्दल तुरुंगात टाकले. सभागृहाला सामान्य नागरिकास कैद करण्याचा अधिकारच नाही, असे बर्डेटने आपल्या मतदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात प्रतिपादिले आणि ते कॉबेटच्या साप्ताहिकात छापले गेले. सभागृहाने हाही अवमान ठरविला. स्पीकर ॲबटने वॉरंटवर सही केली. बर्डेट पिकॅडिलीतील आपल्या घराचे दरवाजे लावून बसला. रस्त्यांवर जमाव आणि सैन्य समोरासमोर आले. ९ एप्रिलला अधिकारी घरात शिरले. त्या क्षणी तो आपल्या मुलाकडून मॅग्ना कार्टाचे भाषांतर करवून घेत होता अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा योजून केलेला देखावा असो. राजकीय हक्काचा प्रश्न पुन्हा एकदा लॅटिन पाठाच्या रूपाने मांडला गेला, हे या शाळेच्या संस्काराला धरूनच झाले.

पार्लमेंटचे अधिवेशन संपल्यावर, जूनमध्ये, बर्डेट सुटला आणि त्याने स्पीकरवर दावा लावला. ‘बर्डेट विरुद्ध ॲबट’ या खटल्यात १८११ मध्ये न्यायालयाने सभागृहाचा अधिकार मान्य केला. वरिष्ठ न्यायालयांतही तोच निर्णय कायम राहिला. दोन वेस्टमिन्स्टरकरांच्या या भांडणाचे पडसाद भारतात पुरेपूर उमटले. आमच्या संविधानाने विधिमंडळांचे विशेषाधिकार प्रारंभी ब्रिटिश कॉमन्स सभेच्या विशेषाधिकारांना जोडून दिले होते. तो स्पष्ट उल्लेख १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेला. १९६४ मध्ये उत्तर प्रदेशची विधानसभा आणि अलाहाबादचे उच्च न्यायालय यांच्यात केशव सिंग प्रकरणी पेच पडला, तेव्हा राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा अभिप्राय मागविला. साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यात जन्मलेले सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा अभिप्राय लिहिला आणि त्यात ‘बर्डेट विरुद्ध ॲबट’सह इंग्लंडमधील जुन्या खटल्यांची छाननी केली. सभागृहाने कारण न देता काढलेले वॉरंट न्यायालयाच्या तपासणीपलीकडचे असते, हा दावा भारतीय विधानसभांपुरता अमान्य झाला. लिखित संविधान असलेल्या देशात ॲबटच्या वॉरंटला जे बळ मिळणे शक्य नव्हते, त्याचे कारण या अभिप्रायात शोधावे. सभागृह आणि न्यायालय यांच्यातील सीमेचा वाद ज्या विद्यार्थ्यांना अभ्यासावयाचा आहे त्यांनी हा अभिप्राय मुळातूनच वाचणे अगत्याचे आहे.

ज्या व्यवस्थेच्या आधाराने ही शाळा पार्लमेंटला सभासद पुरवीत होती, ती मोडण्याचे काम तिच्याच एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. लॉर्ड जॉन रसेल नाजूक प्रकृतीमुळे शाळेत अल्पकाळच टिकला. १ मार्च १८३१ रोजी त्याने कॉमन्स सभेत मतदानसुधारणेचे विधेयक मांडले आणि ज्या ओसाड मतदारसंघांचे प्रतिनिधित्व रद्द व्हावयाचे होते त्यांची नावे एकामागून एक वाचून दाखविली. विरोधी बाकांवरून हास्याच्या लाटा उठत होत्या. हसणाऱ्यांपैकी कित्येकांचे मतदारसंघ त्याच यादीत होते. या भाषणात सिसेरोचे वाक्य नव्हते. ती एक यादी होती, आणि सपाट आवाजात वाचलेली. परंतु १८३२ च्या कायद्याचा उगम तीतच आहे. नवे सभासद, नवे मतदार आणि वृत्तपत्रांचे प्रतिवेदक आल्यावर लॅटिन अवतरणांचा सभागृहातील काळ हळूहळू संपत गेला. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना न समजणारे वाक्य हे भूषण न राहता उद्धटपणाचे चिन्ह होते. शाळेलाही उतरती कळा लागली होती. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्याने तिचा कारभार ॲबीपासून वेगळा झाल्यानंतर तिने पुन्हा उभारी धरली.

विसाव्या शतकातील पूर्वविद्यार्थ्यांत टोनी बेन याचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. १९३० च्या कायदेभंगाच्या काळात भारतमंत्री असलेल्या वेजवुड बेन यांचा हा मुलगा. १९५० मध्ये तो ब्रिस्टल साउथ ईस्टमधून निवडून आला. ही जागा क्रिप्स योजनेमुळे भारतात सुपरिचित असलेल्या सर स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या राजीनाम्याने रिकामी झाली होती. १९६० मध्ये वडील वारले आणि त्यांची सरदारकी वारसाने मुलाकडे आल्यामुळे कॉमन्स सभेतील त्याची जागा गेली. १९६१ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले, पण निवडणूक न्यायालयाने ती जागा पराभूत उमेदवाराला बहाल केली. शेवटी ३१ जुलै १९६३ च्या कायद्याने सरदारकीचा त्याग करण्याची मुभा मिळाली आणि बेनने त्याच दिवशी ती सोडली. तीच वाट धरून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ईटनचा एक विद्यार्थी, ॲलेक डग्लस-होम, पंतप्रधान झाला! पुढे बेनने चरित्रकोशातील आपल्या नोंदीतून वेस्टमिन्स्टर व ऑक्सफर्ड ही दोन्ही नावे काढून टाकली आणि शिक्षणाच्या रकान्यात ते अद्याप चालू असल्याचे लिहिले. त्याच शाळेतून नायजेल लॉसन हा पुराणमतवादी अर्थमंत्री आणि निक क्लेग हा उदारमतवादी उपपंतप्रधान निघाला. १९७३ पासून वरच्या दोन वर्गांत मुलींना नियमित प्रवेश मिळू लागला. त्या वर्गांत शिकलेल्या रूथ केली २००४ मध्ये शिक्षणमंत्री झाल्या.

लॅटिनचे या शाळेत आता काय उरले आहे? उच्चार. राज्याभिषेकाच्या वेळी ॲबीत राजाचा ‘विवात’ म्हणजे ‘चिरायू होवो’ असा जयघोष करण्याचा मान राजाश्रित विद्यार्थ्यांचा असतो. १९५३ मध्ये आणि ६ मे २०२३ रोजीही तो त्यांनी बजावला. ते ‘विवात’ म्हणत नाहीत, ‘व्हायव्हॅट’ म्हणतात. राणीसाठीचा ‘रेगीना’ हा शब्द त्यांच्या तोंडी ‘रेजायना’ होतो. पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे जे मोठे स्थलांतर झाले त्यात दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला, आणि इंग्रज शाळामास्तर लॅटिन आपल्याच स्वरांनी वाचत असल्याने लॅटिनचाही तोच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक शाळांनी विद्वानांनी पुनर्रचित केलेले प्राचीन उच्चार स्वीकारले. वेस्टमिन्स्टरने समारंभापुरते जुनेच ठेवले. हे उच्चार चुकीचे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत, कारण वॉलपोल आणि पुल्टनी यांनी ज्या ओळीवर पैज लावली ती त्यांच्या कानांना याच उच्चारांत ऐकू आली होती. कोर्टकचेऱ्यांच्या आणि विधिमंडळांच्या मार्गाने ते भारतातही आले. मुंबईच्या विधानसभेचे काम ‘साइने डाय’ तहकूब होते, ‘सिने दिये’ नव्हे. आणि ‘सद्भावाने’ या अर्थाच्या ज्या दोन लॅटिन पदांची ॲब्लेटिव्ह विभक्ती वॉलपोलने चुकविलेल्या विभक्तीच्याच जातीची आहे, ती पदे महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थी शाळेच्या कार्यालयातील खिडकीशी उभा राहून ‘बोनाफाईड’ मागताना अचूक उच्चारतो.